अननसाची उभी फोड

४ मार्च

प्रिय दादा,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, माफ कर. तुझी दोन्ही पत्रं वेळेवर मिळाली होती, त्यामुळे टपालखात्यावर ढकलता येत नाही. रोजनिशी मी रोज लिहिते, म्हणजे वेळ नव्हता हेही खोटं. खरं कारण असं की तुझ्या पहिल्या पत्राला मी बरीच उत्तरं लिहिली आणि प्रत्येक वाचून माझाच राग आला. एकात मी फार शहाणी दिसत होते, एकात फार बिचारी, आणि बाकीच्यांत नुसती भांडत होते. हे त्यातल्या त्यात बरं वाटलं ते.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय का, ते आधी तपासते. फळं परदेशी पाठवणारी ती कंपनी आपली सगळी जमीन करारावर घ्यायला तयार आहे. वरच्या तुकड्यात तिला हवा तो टणक सालीचा अननस आहेच. खालच्या तुकड्यातला बाबांचा अननस उपटायचा आणि तिथेही टणकच लावायचा. बाबांच्या फळाची साल पातळ, रस भरपूर, तोडल्यावर दोन दिवसांत खाल्लं नाही तर गेलं. ते बोटीत चढत नाही आणि बर्फात टिकत नाही. जमीन दोघांच्या नावावर, म्हणून सही दोघांची. एप्रिलच्या मध्यापर्यंत मी सही केली नाही तर कंपनी दुसरीकडे जाईल.

इथपर्यंत मला राग येत नाही. थंड मुलखात फळांचं दुकान चालवणारा माणूस असंच बोलणार. राग येतो तो पुढच्या ओळींचा. "अगं, प्रवाशाला सगळंच गोड लागतं. उन्हातून येतो, तहानलेला असतो, सुट्टीवर असतो, वर आई हसून फोड हातात देते. भोपळा दिलास तरी वाहवा करील. गोडी फळात नाही, प्रवासात आहे." आणि त्याखाली वहिनीची साक्ष: लग्नाच्या वर्षी आपल्याकडे खाल्ला तसा अननस तिला नंतर कधी लागला नाही, म्हणजे बाबांचं वाण उतरलंय.

हेच तू दोन वर्षांपूर्वी आपल्या रस्त्याकडच्या फळांच्या टपरीवर म्हणाला होतास, गिऱ्हाइकांदेखत. मी म्हणाले होते की तुझी जीभ बर्फात गेलीय. तू पुढ्यातली बशी तशीच ठेवून निघून गेलास आणि आपलं बोलणं बंद झालं. बशी आईने उचलली.

पण दादा, एक कबूल करते. तुझं वाक्य चुकीचं आहे हे मी ठणकावून सांगते, आणि ते चुकीचं आहे हे मला ठाऊक मात्र नाही. टपरीवर लोक पहिली फोड तोंडात घालतात आणि बोलायचे थांबतात, हे मी लहानपणापासून बघते. मला स्वतःला तसं कधी झालेलं आठवत नाही. अननस चांगला लागतो, आंबटगोड, घरचा. बोलणं थांबावं असं त्यात काय आहे, ते मला कधी कळलं नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

बाबांच्या चिंध्या आठवतात? तोडणीच्या वेळी ते झाडाला एक रंगीत चिंधी बांधायचे आणि तशीच फळाच्या तुऱ्याला. मग टपरीच्या कोपऱ्यात बसून खाणाऱ्याचं तोंड बघायचे. खाणारा बोलतच राहिला तर संध्याकाळी त्या झाडाची चिंधी सुटायची. गप्प झाला तर चिंधी राहायची, आणि पुढच्या लावणीला त्याच झाडाचे फुटवे. खालचा अख्खा तुकडा असा गप्प झालेल्या माणसांतून उभा राहिलाय. तो उपटायचा तर खऱ्या कारणासाठी उपटू. आणि ठेवायचा तर तोही खोट्या अभिमानापायी नको.

म्हणून परीक्षा घेते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आजवर खतंच मोजली, आता जरा फळ मोजू. बाबांचा अननस आणि दुकानातला टणक सालीचा, दोन्ही न सांगता लोकांना द्यायचे. बाबांचा हरला तर मी कुरकुर न करता सही करीन. जिंकला तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. कबूल असेल तर उत्तर पाठवू नकोस.

तुझी,
मास्तरीण (नाव तूच ठेवलेलं)


१३ मार्च

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही, म्हणजे कबूल.

परीक्षा काल झाली. जशी झाली तशी लिहिते.

दुकानातला अननस शहरातून भोंग्याने आणला. भोंगा म्हणजे दुपारच्या बसचा ड्रायव्हर. तू गेल्यानंतर आलाय. वळणापलीकडूनच हॉर्न वाजवायला लागतो, म्हणून आईने हे नाव ठेवलं, आणि आता पगाराच्या कागदावर सोडून सगळीकडे तेच चालतं. बस टपरीसमोर उभी करतो, प्रवासी उतरतात, तो आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून चहा पितो.

अननस हातात देताना म्हणाला, "ताई, हा एवढा गार आहे की मांडीवर घेऊन बसलो तर मांडी झोपली."

"मग मांडीवर कशाला घेतलास?"

"मागे ठेवला असता तर लोकांनी विचारलं असतं, अननसाच्या गावाला अननस कोण नेतंय."

गारव्याने गोडी कमी लागते, म्हणून दोन्ही फळं आदल्या दिवसापासून एकाच फळीवर ठेवली. बशा एकसारख्या, खूण बशीच्या तळाला. बाबांचा अननस आईने कापला. तिच्या सुरीला दुसऱ्याचा हात लागलेला तिला चालत नाही, हे तुला माहीत आहे. दुकानातल्याला मात्र ती शिवेना. "असलं बर्फातलं मढं मी कापायची नाही," म्हणाली. तो मी कापला, जमेल तसा, आणि फोडी एकत्र केल्या.

प्रवाशांपैकी जवळजवळ सगळ्यांनी बाबांचा निवडला. एक गृहस्थ बायकोला रस्त्याबद्दल काहीतरी समजावून सांगत होते, ते मधेच थांबले आणि रस्ता विसरले. मला वाटलं, झालं.

मग घरचे बसले. तोडणीला येणाऱ्या दोघी, भोंगा आणि मी. आईने बशा आतून भरून आणल्या. तोडणीच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खांदे उडवले. भोंगा म्हणाला, "मला तर दोन्ही सारखेच. हा थोडा आंबट, तो थोडा पाणचट." तो आता प्रवासी राहिलेला नाही, रोज येतो. त्याला ना तहान, ना सुट्टी.

आणि मी? दोन्ही बशांतलं खाल्लं, डोळे मिटून, पुन्हा खाल्लं. मग एका बशीवर बोट ठेवलं. तळ पाहिला तर ती दुकानातली होती.

हे लिहायलाच हवं होतं का, याचा विचार कालपासून करते आहे. न लिहिता आलं असतं. तुला कळलंही नसतं. पण मग परीक्षा कशाला घेतली?

प्रवाशाला फरक कळतो, घरच्याला कळत नाही. फळ तेच, सुरी तीच. उरतो तो प्रवास. तू म्हणालास ते हेच.

तुझी,
मास्तरीण


२१ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. "प्रामाणिकपणाबद्दल आभार" हे तू चांगल्या मनाने लिहिलंयस, पण वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं झालं. बारा एप्रिलला कागद घेऊन येतोस, वहिनीही येतेय, कळलं. खोली झाडून ठेवते. सही करीन. शब्द दिलाय.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. तुला वाद वाटेल, पण ही शंका आहे. अननस तोडल्यावर गोड होत नाही. केळं होतं, आंबा होतो, त्यांच्या पोटात पिठाचा साठा असतो, घरात ठेवले तरी त्याची साखर बनते. अननसाकडे तसा साठा नाही. त्याला साखर मिळते ती झाडाकडून, आणि तोडला की नळ बंद. नंतर पिवळा होतो, मऊ होतो, वासही थोडा येतो, पण गोडी तोडली त्या दिवशीची. कंपनी तोडते हिरवा, कारण त्याला समुद्र ओलांडायचा असतो. आपण तोडतो झाडावर पिवळा झाल्यावर, कारण त्याला फक्त रस्ता ओलांडून टपरीवर यायचं असतं. मग तो गोड असायलाच हवा. प्रवासी इथे येतो, फळाला त्याच्याकडे जावं लागत नाही, एवढाच तर सगळा फरक.

मग माझ्या जिभेला तो का कळला नाही?

काल खालच्या तुकड्यात फिरून आले. चिंध्या अजून आहेत, उन्हाने पांढऱ्या पडल्यात. बाबांनी स्वतः चव घेऊन झाडं का निवडली नाहीत, दुसऱ्यांची तोंडं का बघत बसले, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना कुठे काय कळायचं चवीतलं. त्यांना सगळाच आंबट लागायचा." आणि शेंगा निवडायला लागली.

तुझी,
मास्तरीण


२८ मार्च

दादा,

आज प्रिय वगैरे राहू दे. आधी ऐक.

परवा आईचा पाय पायरीवरून घसरला आणि तिचं मनगट मुरगळलं. काळजीचं नाही, हाड शाबूत आहे, तोंड तर फारच शाबूत आहे. पण सुरी धरता येईना. म्हणून टपरीवर मी उभी राहिले. आई आतल्या खोलीत खाटेवर, दार उघडं ठेवून, कान बाहेर.

आज दुपारी वरून येणाऱ्या बसमधून एक बाई उतरल्या. गेल्या आठवड्यात वर जाताना आपल्याकडे थांबल्या होत्या, आता परतत होत्या. येतानाच शेजारणीला सांगत होत्या, "आता खाऊन बघ, मग बोल." मी अननस सोलला, आडव्या चकत्या केल्या, हाताला आल्या तशा दोघींना दिल्या. बाईंनी खाल्लं. चेहरा पडला.

"तोच अननस आहे ना हा?"

"तोच. त्याच तुकड्यातला. सकाळी तोडलाय."

"नाही हो. त्या दिवशीचा काही वेगळाच होता." मग शेजारणीला म्हणाल्या, "अगं खरंच, शप्पथ!" शेजारीण हसली. बाई ओशाळल्या. माझ्या मनात आलं, बघ, परतीच्या प्रवासात गोडी संपली. दादाचंच खरं.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "शेंड्याकडची दिलीस का गं त्यांना?"

"काय?"

"शेंड्याकडची फोड! तुऱ्याखालची! पाहुण्यांना शेंडा दिलास होय? बुडखा दे, बुडखा! चार बुकं शिकलीस आणि फोड द्यायची अक्कल नाही."

मी फळाच्या खालच्या टोकाची, देठाजवळची चकती कापून बाईंना दिली. त्यांनी ती तोंडात घातली आणि गप्प झाल्या. मग शेजारणीनेही एक खाल्ली आणि तीही गप्प झाली. दोन बोलक्या बायका आणि रस्त्यावर चिडीचूप.

बस गेल्यावर मी आत गेले.

"आई, तू नेहमी बुडखाच देतेस पाहुण्यांना?"

"मग काय शेंडा देऊ?"

"आणि शेंड्याचं काय करतेस?"

"घरात नाही का खात आपण? टाकायचा का? चांगला असतो की." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बुडखा आधी पिकतो, त्यात गोडी उतरलेली असते. पाहुणा एकदा येतो, त्याला गोड द्यायचं. घरचं माणूस काय, रोजचंच आहे. माझ्या सासूने असंच शिकवलं."

"म्हणजे आम्हाला कधीच बुडखा दिला नाहीस?"

"तुम्ही काय पाहुणे आहात?"

मी बाहेर आले, खालच्या तुकड्यातलं एक फळ घेतलं, बुडख्याची जाड चकती कापली आणि बाकावर, गिऱ्हाइकाच्या जागी बसून खाल्ली. बुडखा मी जन्मात कधीच खाल्ला नसेल असं शपथेवर सांगता येणार नाही. पण खाल्ला असता तर विसरले नसते. चाळिशी उलटलेली बाई, जन्म या मळ्यात गेला, आणि आपल्या बापाचा अननस मी आज पहिल्यांदा खाल्ला. किती वेळ बसले होते कोण जाणे. भोंगा परतीच्या फेरीला हॉर्न वाजवत आला तेव्हा रस कोपरापर्यंत आला होता.

आता परीक्षा कशी बिघडली ते बघ. बाबांचं फळ आईने कापलं. सवयीने बुडखे प्रवाशांच्या बशांत गेले आणि शेंडे आमच्या. दुकानातलं मी कापलं, त्याच्या फोडी एकत्र झाल्या होत्या. म्हणजे प्रवाशांनी बाबांच्या सगळ्यात गोड भागाची तुलना दुकानातल्या सरमिसळीशी केली आणि आम्ही सगळ्यात आंबट भागाची. परीक्षा दोन्हीकडून खोटी. प्रवाशांचं मत मी तुझ्याविरुद्ध वापरणार नाही, आणि माझं मत तू बाबांविरुद्ध वापरू नकोस.

आणि वहिनी! लग्नाच्या वर्षी ती नवी होती, पाहुणी होती. आईने तिला बुडखा दिला असणार. पुढच्या वर्षी ती घरची झाली आणि शेंड्यावर आली. वाण उतरलेलं नाही रे. वहिनीला बढती मिळाली.

धाकटी


५ एप्रिल

प्रिय दादा,

परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी बुडख्यासमोर बुडखा आणि शेंड्यासमोर शेंडा. दोन्ही फळं मीच कापली. आई मनगटाला पट्टी बांधून शेजारी स्टुलावर बसली होती आणि प्रत्येक फोडीला नावं ठेवत होती. "केवढी जाड! पाहुणा खाणार आहे की घर बांधणार आहे?"

घरच्यांना आधी बसवलं, प्रवाशांना नंतर. काही प्रवाशांना उतरल्या उतरल्या दिलं, काहींना पाणी पिऊन, सावलीत बसून, तहान भागल्यावर.

निकाल, तोही जसा आहे तसा. शेंड्यांत फार फरक नाही. बाबांचा थोडा बरा, पण पैज लावावी इतका नाही. बुडख्यात बाबांचा कितीतरी पुढे, आणि हे घरच्या प्रत्येकाने सांगितलं. मीसुद्धा, डोळे मिटून, दर वेळी. तहानलेल्या प्रवाशांनी जास्त कौतुक केलं, विश्रांती घेतलेल्यांनी कमी. म्हणजे तुझा प्रवासही गोडीत थोडा आहेच. तो मी नाकारत नाही. उन्हात तापलेल्या फळाचा वास जास्त येतो, तहानलेल्या जिभेला साखर जास्त लागते. पण विश्रांती घेतलेल्यांनीही निवडला बाबांचाच. प्रवास वरचा एक चमचा टाकतो. ताट बाबांनीच वाढलेलं आहे.

भोंग्याचं काय झालं ते सांगायलाच हवं. त्याने बुडखा खाल्ला, फोड अर्धी राहिली, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, हा कुठला?"

"इथलाच. रोजचाच."

"रोजचा? मग मला रोज काय देता?"

"शेंडा."

"इतके दिवस मला शेंडा? आणि बसमधून उतरलेल्या कुठल्याही सोम्यागोम्याला हे?"

"तू स्वयंपाकघराच्या पायरीवर बसतोस ना? पायरीवर बसणाऱ्याला शेंडा. बाकावर बसणाऱ्याला बुडखा."

भोंगा उठला, बाहेर गेला आणि बाकावर जाऊन बसला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने तो आपणहून परत पायरीवर आला आणि म्हणाला, "चहा तरी द्या." तो का परतला हे मी विचारलं नाही. मला वाटतं, मला कळलं.

आणि बाबांचं कळलं ते असं. त्यांना शेंडाच मिळायचा, म्हणून त्यांना सगळाच आंबट लागायचा. आपल्या जिभेवर भरवसा नव्हता म्हणून ते दुसऱ्यांची तोंडं वाचत बसले. प्रवासी कुठे गप्प होतो, तेवढं बघून झाडं निवडत गेले. आयुष्यभर एक अननस घडवला आणि त्याची खरी चव त्यांनी घेतली की नाही, देव जाणे. प्रवाशांना आपला अननस गोड का लागतो, असं कुणी विचारलं तर आता मला उत्तर येतं. तो त्यांच्याच तोंडाच्या मापाने बेतलाय. आधी नीट विचार करते, मगच हे लिहिते: मला इतका अभिमान आजवर कशाचा वाटला नव्हता.

तू माझ्या पत्रावर विश्वास ठेवू नकोस. मी या खटल्यात फिर्यादीही आहे आणि पंचही. येशील तेव्हा स्वतः खा. सही करायची की नाही ते त्यानंतर बोलू.

तुझी,
मास्तरीण


११ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं उत्तर आज दुपारच्या बसने आलं. भोंग्याने ते वरच्या खिशात ठेवून आणलं, टपालाच्या पिशवीत नाही. माझं हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या तू येशील तेव्हा तुझ्या हातात देईन, कारण यातलं काही मला तोंडाने सांगता यायचं नाही.

तू लिहिलंयस, "पहिल्या परीक्षेत तू स्वतः दुकानातला निवडलास हे तुला लपवता आलं असतं. लपवलं नाहीस, म्हणून दुसऱ्या परीक्षेवर माझा विश्वास बसला. कंपनीला नाही म्हणून कळवलं. आता येतोय तो कागद घेऊन नाही, भूक घेऊन." हे मी चार वेळा वाचलं. मग तोंड धुऊन आले आणि आईला वाचून दाखवलं.

पुढे लिहिलंयस की तुझ्या दुकानातले बुडखे तू घरी नेऊन खाल्लेस, सलग काही दिवस, आणि एकदाही बोलणं थांबलं नाही. वहिनी म्हणाली, उलट वाढलं. हे वाचून आई इतकी हसली की मनगट दुखलं.

वहिनीने तळाला स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, तेही वाचलं. "म्हणजे मी दुसऱ्याच वर्षी घरची झाले आणि मला कुणी सांगितलंही नाही! आईंना सांगा, मला शेंडाच द्या. बुडख्याची एक फोड तेवढी तुम्ही फडताळात झाकून ठेवा, मी रात्री येऊन खाईन." आई म्हणाली, "तिला म्हणावं, फडताळात मुंग्या लागतील, समोरच खा." म्हणजे वहिनीचं मिटलं.

तुझं मात्र मिटत नव्हतं. आईने जाहीर केलं, "त्याला शेंडा."

मी म्हणाले, "आई, तो एवढ्या लांबून फक्त बुडखा खायला येतोय."

"माझा मुलगा आहे तो, पाहुणा नाही. दोन वर्षं तोंड नाही दाखवलं म्हणून काय पाहुणा झाला? बुडखा दिला तर त्याला वाटेल, परकं केलं."

"आणि शेंडा दिला तर त्याला वाटेल, मास्तरणीने पत्रात थापा मारल्या."

"वाटू दे."

दादा, मी फार विचार केला. आईचं खरं आहे. तुझ्यापुढे बुडखा ठेवला तर दोन वर्षांपूर्वी तू उठून गेलास आणि परका झालास, हे आम्ही मान्य केल्यासारखं होईल. पण बाबांनी जे घडवलं ते आपण दोघांनीही ओळखून खायला हवं होतं, आणि मी एकटीने खाऊन बसले, हेही मला सोसत नाही. बाबांना नाही मिळालं, निदान तुला मिळावं.

मग मघाशी एक फळ घेऊन उभं कापून पाहिलं. तुऱ्यापासून देठापर्यंत, वरून खाली. आपल्याकडे असं कुणी कापत नाही, सगळे आडव्या चकत्या करतात, म्हणून कधी सुचलं नसावं. उभी फोड वरच्या टोकाला आंबट, मधे आंबटगोड, आणि खाली जाता जाता गोड होत जाते. एकाच फोडीत घरचा आणि पाहुणा दोन्ही. खायची शेंड्याकडून, संपवायची बुडख्याला.

आईच्या हातात एक दिली. तिने शेंड्याकडून सुरुवात केली, सवयीने. खात खात खाली आली आणि बुडख्यापाशी थांबली. मी पहिल्यांदाच तिला तशी गप्प बघितली. तिनेही बहुतेक पहिल्यांदाच खाल्ला असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

मग म्हणाली, "वेडीवाकडी कापलीस. तुझ्या त्या आखूड सुरीने उभं कसं कापता येईल? तुझ्या बापाची लांब सुरी आहे ना वर अडकवलेली, ती काढ. त्याला धड कापून देऊ."

लांब सुरी काढली आहे. पात्यावर बोट फिरवून पाहिलं, अगदी बोथट झालीय. कित्येक वर्षांत कुणी वापरली नाही.

तुझी,
मास्तरीण

उद्या: बस यायच्या आत बाबांच्या सुरीला धार लावणे.